गोड्या पाण्याची सवय

आमच्या घरात पाणी चोरून प्यायचं असा नियम होता. तो कुणी केला नव्हता, पण सगळे पाळायचे. तहान लागली की मी परड्यात जायचे आणि तिथं ठेवलेल्या कळशीतून पिऊन यायचे. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीपलीकडं जाऊन पिऊन यायचे. माठाचं झाकण काढताना वाजू नये म्हणून मी त्याखाली फडकं घातलं होतं. घटाघटा पिणं तर सोडाच, घशातून पाणी उतरल्याचा आवाजही आईच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. कारण आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि दिवसभरात तिला दोन फुलपात्रं पाणी मिळायचं. त्यातच चहा आला, आमटी आली, गोळी गिळायचा घोट आला. ती ओसरीवर खांबाला टेकून बसायची, फुलपात्र शेजारी झाकलेलं, आणि पाण्याचा एवढासा आवाज झाला तरी तिचे डोळे आपोआप तिकडं वळायचे. मग ती स्वतःवरच चिडायची. "प्या गं उघडपणानं," म्हणायची. "मी काय नजर लावतीया व्हय तुमच्या पाण्याला?"

आटपाडीच्या पलीकडं माळावर आमची वस्ती. पाणी आमच्याकडं दोन जातींचं, टँकरचं गोडं आणि बोअरचं खारं. गोडं प्यायला, खारं बाकी सगळ्याला. खाऱ्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, न्हाणीच्या दगडावर पांढरा थर चढायचा आणि आबा तो विळ्याच्या पाठीनं खरवडायचे. टँकर चुकला की आम्ही खारंच प्यायचो आणि मी लहान असताना तर टँकरही नव्हता. आई या घरात नवरी होऊन आली तेव्हापासून तेच पीत आली होती. त्या पाण्यानंच हे झालं का, असं आबांनी सांगलीच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, ठामपणे सांगता येत नाही, रक्तदाब असेल, अंगदुखीच्या गोळ्या असतील, कारणं अनेक असतात. डॉक्टर खरं तेच बोलत होते, हे मला आज कळतं. आबांनी त्यातून एवढंच घेतलं की डॉक्टर नाही म्हणाला नाही. त्या दिवसापासून बोअरचं आणि त्यांचं वैर सुरू झालं.

आठवड्यातून दोनदा सांगलीला जायचं. पहिल्या एसटीनं निघायचं, मशीनवर झोपायचं, दिवस कलताना परत. कधी आबा सोबत, कधी मी. माझं कॉलेजचं वर्ष असंच त्या एसटीत बसून गेलं. दवाखान्याच्या त्या हॉलमध्ये ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी गुरगुरणारं मशीन, आणि मधूनच एखाद्याचं टीं टीं सुरू झालं की सगळ्यांच्या नातेवाइकांच्या माना एकदम वर. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. दोन्हींतला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी. मशीनवरून उठलेल्या आईचे गाल बसलेले असायचे, ओठांना भेगा, आणि पहिला शब्द "पाणी". बाहेर रसवंतीवाल्याकडून मी बर्फाचा खडा आणायचे. तो ती जिभेखाली धरायची आणि इस्लामपूरच्या बाजूनं आलेल्या, उसाच्या मोळ्या लादलेल्या ट्रॅक्टरांकडं बघत बसायची. "एवढ्या उसाला किती पाणी प्यायला घालत असतील गं?" एकदा तिनं विचारलं. मला रडू आलं ते मी खोकल्यात घातलं.

भेटायला येणाऱ्या पाहुण्यांचा मला तेव्हा भयंकर राग यायचा आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. येताना शहाळी घेऊन यायचे. शहाळ्यातलं पोटॅशियम तिला विष होतं. डाळिंबं घेऊन यायचे, तीही चालायची नाहीत. आमच्या चारी बाजूंना डाळिंबाच्या बागा आणि तिला एक दाणा तोंडात टाकायची चोरी. भाज्या उकडून, ते पाणी ओतून देऊन, मग बिनमिठाच्या करायच्या. आबांनीही तेव्हापासून मीठ सोडलं. ताटात बिनमिठाची आमटी आली की मुकाट्यानं कालवायचे आणि "ब्येस झालीया" म्हणायचे. आमच्या आत्या उठताना हटकून सांगायच्या, "वैनी, पानी भरपूर पीत जा. समदं धुऊन निगतंय." आई हसून बरं म्हणायची. मी आत जाऊन भांडी आपटायचे.

आता माशांचं सांगते. आबा दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी जायचे. कराडपासून खाली वाळव्यापर्यंत उसाच्या रानांत मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि मेंढरांना चारा. त्या वाटेवर त्यांचा एक जिवाभावाचा माणूस होता. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, मिशीवाले, बोलताना मधेमधे फौजेतलं हिंदी-इंग्रजी. नदीकाठची त्यांची जमीन उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून पाजून खारावली होती. वर पांढरं फुटलेलं, गवतसुद्धा उगवेना. त्यांनी त्यात तळं खणलं आणि कोकणातल्या खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून सोडली. खाऱ्या पाण्यातला तो मासा खाऱ्या तळ्यात वाढला. आबांनी ते बघितलं आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी बसलं. "पाणी जास्त झालं म्हणून नानांचं रान गेलं, न्हाई म्हणून आपलं," घरी येऊन ते आईला म्हणाले. "पण त्या खाऱ्या पाण्यात बी जीव ऱ्हातोय. मी डोळ्यानं बघितलाय."

आमचं शेततळं कोरडंच पडलेलं होतं. आबांनी बोअरचं पाणी त्यात सोडायला सुरुवात केली. नाना जीपमधून पिल्लं घेऊन आले, पिशव्यांत हवा भरून बांधलेली. आल्या आल्या त्यांनी ती तळ्यात ओतली नाहीत. पिशव्या तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंड सोडून वाटीवाटीनं तळ्यातलं पाणी आत घातलं, परत थांबले, परत घातलं. निम्मा दिवस त्यात गेला. आबा कौतुकानं बघत होते. नवीन मेंढरू कळपात सोडण्याआधी आपणही ते थोडं बाजूला बांधतो, तसलाच हा प्रकार, असं त्यांनी मनात धरलं. त्यातलं कारण त्यांनी विचारलं नाही आणि नानांनाही सांगायचं सुचलं नाही. जाताना नाना एवढंच म्हणाले, "समुंदरचं जनावर हाय गड्या. पाणी खारं पायजे, फिकं पडू देऊ नगंस." आबांनी ते इतकं मनावर घेतलं की मेंढरांना चाटायला आणलेलं खडेमीठ ते मूठमूठ तळ्यात टाकत राहिले. आईच्या ताटातलं आणि स्वतःच्या ताटातलं मीठ काढून घेतलेला माणूस रोज तळ्याला मीठ चारत होता.

मासे वाढले. मोठे लहानांना गिळतात म्हणून लहान पिल्लं चाळून आबांनी बोअरजवळच्या सिमेंटच्या हौदात वेगळी ठेवली होती. खाद्य टाकायला ते सकाळ-संध्याकाळ जायचे, तेव्हा कुणी सोबत गेलेलं त्यांना आवडायचं नाही. एकदा चहा झाला हे सांगायला मी गेले, तर ते तळ्याच्या काठावर उकिडवे बसून माशांशी बोलत होते. "ज्या पान्यानं तिला खाल्लं, त्यात तुमी जगून दावा," म्हणत होते. "तुमी जगलासा की ती बी जगल. माझं म्हननं एवडंच हाय." मी आल्या पावली परतले. त्यानंतर मलाही ते मासे साधे मासे दिसेनात. सकाळी उठून आधी तळ्याकडं बघायचं, पाणी हललं की बरं वाटायचं, मग आईकडं बघायचं. मी विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही हे मला माहीत होतं आणि तरीही मी तो ठेवत होते, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. मामांचं मूत्रपिंड जुळलं नव्हतं. आबांना साखर होती. मी स्वतः देते म्हणाले तर आईनं उपाशी राहण्याची धमकी दिली.

तो उन्हाळा फार वाईट गेला. बोअर रोज थोडं थोडं मागं सरत होतं. मोटर नुसती हवा ओढायची आणि घशात अडकल्यासारखा आवाज काढायची. तळं आटत चाललं, उरलेलं पाणी आणखी खारं होत गेलं, काठावर मिठाची पांढरी रेघ उमटली. आईचे पाय सुजायला लागले. सकाळी उठली की ती घोट्यावर अंगठा दाबून बघायची. खड्डा पडला आणि तसाच राहिला की पाणी साठलंय हे कळायचं. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडं बघत थांबायचो. तिला रात्री आडवं झोपता येईना. छातीत पाणी चढतंय असं वाटायचं म्हणून ती बसूनच डोळा लावायची. तहान मात्र जायची नाही. अंगात पाणी भरलेलं आणि जीभ कोरडी. "मंगल," ती मला म्हणायची, "आतनं बुडतीया आन् वरनं वाळतीया बघ मी." मी तिच्या ओठांना ओलं फडकं लावायचे. यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं आणि त्या काळातली माझी सगळ्यात ठळक आठवण हीच आहे, की हातात काही नव्हतं.

आणि अशात कालव्याला पाणी आलं. आजोबांच्या वेळेपासून ऐकत आलेलो ते पाणी, निवडणुकीत दर वेळी आलेलं आणि नंतर परत गेलेलं, ते खरोखरच नदीवरून चढत चढत आमच्या माळावर आलं. अख्खी वस्ती कालव्यावर लोटली. गढूळ, फेसाळ पाणी, पुढं पाचोळा ढकलत येत होतं आणि म्हातारी माणसं चपला काढून उभी होती. बायकांनी खण-नारळानं पाण्याची ओटी भरली. आईलाही जीपनं नेलं. त्या दिवशी तिनं सकाळपासून आपलं फुलपात्र भरूच दिलं नव्हतं. दिवसाचं सगळं पाणी तिनं नव्या पाण्यासाठी राखून ठेवलं होतं. त्या उन्हात, तसल्या तहानेत. तिनं फुलपात्र पदराखालून काढून आबांपुढं धरलं आणि आबा थांबले.

आमच्यात रीत आहे. नवं पाणी लागलं की आधी जित्राबाला पाजायचं, मग माणसानं प्यायचं. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्यांची ती रीत, नव्या झऱ्यावर, नव्या विहिरीवर, कुठंही. "जरा कळ काढ," आबा म्हणाले. "आदी त्यास्नी." मेंढरं पाजून झाली. मग त्यांनी कालव्यावरून रानात येणारा पोटपाट फोडला आणि ते पाणी शेततळ्यात वळवलं. मासे हे त्यांचं जित्राबच होतं. सगळ्यांत लाडकं. आयुष्यभर खारं प्यालेल्या माणसाच्या घरात गोडं पाणी आलेलं, मग ते या मुक्या जिवांना द्यायचं नाही तर कुणाला? त्या क्षणी तळ्याच्या काठावर आम्ही तिघं होतो आणि तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की गोड्या पाण्यानं कुणाचं वाईट होऊ शकतं. पाणी धबाधबा पडत होतं, तळं भरत होतं, आबा हात जोडून उभे होते. आईनं मग त्याच पाण्यानं आपलं फुलपात्र भरून घेतलं आणि एकेक घोट तोंडात घोळवत संपवलं. तिचं ते तोंड मला अजून दिसतं.

सकाळी तळ्यावर मासे कडेला लागले होते. मेले नव्हते, पण हलतही नव्हते. पोटं टम्म, डोळे बाहेर आलेले, तोंडं उघडमीट करत. आबा कमरेएवढ्या पाण्यात शिरून एकेकाला सरळ करायचे, आणि सोडला की तो परत आडवा. आई काठीच्या आधारानं काठावर आली. तिनं एक मासा हातात घेतला, त्याच्या पोटावर अंगठा दाबला आणि खड्डा भरून येतो का ते बघितलं.

"आवं," ती म्हणाली, "यास्नी पानी चढलंया. माझ्यावानीच."

मी नानांना फोन लावला. रेंजसाठी टेकाडावर चढावं लागायचं. नानांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोडं पाणी हळूहळू सोडलं का एकदम. मी सांगितलं.

"पोरी," ते म्हणाले, "खाऱ्या पान्यातला मासा हाय त्यो. त्या पान्यात त्येच्या अंगातलं पानी सारखं भाईर वढलं जातंय. मंग त्यो पानी पितोय, पितोय, आन् त्यातलं मीठ कल्ल्यातनं भाईर फेकतोय. ती त्येची ड्यूटी. गोड्या पान्यात ड्यूटी उलटी. पानी आपसूक आत घुसतंय. ते मुतून भाईर काडायचं आन् मीठ धरून ठिवायचं. जमतंय त्येला ते, न्हाई असं न्हाई. पण ड्यूटी बदलाया टाइम लागतोय. म्या पिशवीत वाटीवाटीनं पानी का घातलं हुतं मग? तुमी एका राती ट्रान्सफर केलीसा त्येची." मग आवाज उतरवून म्हणाले, "चूक माजी हाय. म्या सांगाया पायजे हुतं."

आज मी माधवनगरच्या एका शाळेत मुलांना हेच शिकवते, जरा शुद्ध भाषेत. माशाचं रक्त समुद्रापेक्षा कमी खारट आणि ओढ्यापेक्षा जास्त खारट. म्हणून समुद्रात त्याचं पाणी जातं आणि गोड्या पाण्यात त्याच्यात पाणी शिरतं, आणि मधला तोल सांभाळायला कल्ले आणि मूत्रपिंडं जन्मभर राबत असतात. मासा पाण्यात राहतो म्हणजे त्याला पाण्याची काळजी नाही, असं मुलांना वाटत असतं. मी ते खोडून काढते तेव्हा माझा आवाज जरा चढतो, असं सहकारी शिक्षिका म्हणतात. गढूळपणा, ऊन, दाटी, अशी कारणं तळ्यात आणखीही असतील. पण नानांनी फोनवर सांगितलं त्यात मला आजवर काही चुकीचं सापडलेलं नाही.

त्या सकाळी मी टेकाडावरून पळत आले आणि आम्ही मीठ टाकलं. घरातलं, मेंढरांचं, शेजारच्या वस्तीवरचं, जेवढं मिळालं तेवढं. कालव्याच्या पाण्यानं तुडुंब भरलेल्या तळ्यात ते मीठ कुठं गेलं ते कळलंही नाही. दुपारपर्यंत पांढरी पोटं वर आली. आबा तळ्यातून बाहेर येईनात. मी हात धरून ओढलं तर म्हणाले, "म्या मारली. म्या माज्या हातानं मारली तिला." "मासे मारले" असं म्हणाले नाहीत. "तिला" म्हणाले. काठावर आई उभी होती. तिनं ते ऐकलं.

त्यानंतर आबा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. सांगलीचा वार आला तरी उठेनात. गेलं तरी काय होणार, असा त्यांचा सगळा नूर. एसटीची वेळ टळत चालली, आईला धाप लागलेली, आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून ओरडत होते, काय ओरडत होते तेही आता आठवत नाही. माणसं हतबल होतात म्हणजे काय होतात ते मी त्या सकाळी बघितलं. आमचं घर उभं होतं, पण आत कुणी कुणाला धरायच्या अवस्थेत नव्हतं. शेवटी मीच तिला शेजारच्यांच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून स्टँडवर नेलं आणि मशीनवर ती डोळे मिटून पडली असताना पहिल्यांदा मला वाटलं की ही आता जाणार. मासे गेले, ही जाणार.

परत आलो तेव्हा आई ओसरीवर टेकली नाही. ती थेट बोअरजवळच्या हौदाकडं गेली. चाळून ठेवलेली लहान पिल्लं त्यात होती. नवं पाणी त्यांना लागलेलंच नव्हतं. पण बोअरनं मान टाकली होती, मोटर बंद, आणि हौदातलं पाणी उन्हानं रोज खाली जात होतं. पिल्लं तिथंही मरणारच होती, फक्त उशिरा.

"आवं, हिकडं या," तिनं हाक मारली. आबा आले नाहीत. मग ती काठी टेकत आत गेली, त्यांच्या उशाशी बसली आणि मी दारात असताना, मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "तुमी तळ्यावर काय बोलून बसलाय ते मला ठावं हाय. मासं जगलं तर मी जगीन. कुनाला इचारून बोललासा? माज्या जिवाचं वज्जं त्या पिल्लांच्या गळ्यात कशापायी बांदलं? ती बिचारी पान्याशीच झुंजत्यात, त्यास्नी माजं काय करायचंय?" आबा हुंदके द्यायला लागले. ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "उटा. थेंबथेंब देऊ त्यास्नी. रोपास्नी देता तसं."

आबांनी शेवग्याच्या रोपांना सलाईनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या टांगल्या होत्या. नळीची चकती फिरवली की थेंब हवे तसे कमी-जास्त करता येतात. त्यातल्या दोन बाटल्या काढून, उकळत्या पाण्यानं धुऊन आम्ही हौदावर बांधल्या. त्यात कालव्याचं निवळलेलं पाणी. टप, टप, टप. बाटली रिकामी झाली की मी भरायची, आबांनी चकती बघायची. आणि आई हौदाला टेकून बसायची. जिला स्वतःला पाणी मिळत नव्हतं ती दिवसभर दुसऱ्याला पाणी पाजत बसली होती आणि त्या आवाजानं तिची तहान किती वाढत असेल हा विचार मला सोसायचा नाही. मी एकदा तसं म्हणाले. "ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "कुनाचं तरी बरं हुतंय हे बघताना तहान जरा कमी लागतीया." हे खरं होतं की माझ्यासाठी बोललेलं होतं, मला आजही माहीत नाही. एखादं पिल्लू मंदावलं की ती चकती आवळायची. "दमलंय. जरा थांबा." परत सावध झालं की सैल करायची. आठवडाभर आमच्या घरात तो टप टप आवाज होता आणि त्या आठवड्यात आबा उठून भाकरी खायला लागले.

ती पिल्लं जगली. हौदाचं पाणी पुरतं गोडं झाल्यावर आम्ही ती तळ्यात सोडली, आणि ती खाली गेली, वर आली, परत खाली गेली. आबांनी या वेळी हात जोडले नाहीत. त्यांच्याकडं काही मागितलंही नाही.

आई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होती. मशीनलाही मग रक्तवाहिनी सापडेना, हात निळे-काळे झाले, आणि तिनं एक दिवस सांगितलं की आता सांगली नको. डॉक्टरांनीही फारसं अडवलं नाही. तळ्यात जिताडे हाताएवढे झाले होते, दुपारच्या उन्हात त्यांचं फळकन वळणं ओसरीवरून दिसायचं. मासे जगले आणि ती गेली, एवढं मला लिहायचं होतं. त्याचा कुठलाही अर्थ लावायला मी तयार नाही. पुढं कुणी अर्थ लावायला आलं की मी त्यांना आत्याबाईंच्या पंगतीत बसवते.

दुपारची वेळ होती. तिला आम्ही ओसरीवर आणून खाली घोंगडीवर निजवलं. आता मोजायचं काही नव्हतं, फुलपात्र नव्हतं, कुणी चोरून प्यायची गरज नव्हती. मी कालव्याच्या पाण्याचा तांब्या भरून आणला. तिचं तोंड उघडं होतं, जीभ कोरडी. माझ्या मनात होतं की तिला पोटभर पाजावं, इतक्या दिवसांचं सगळं एकदम द्यावं. मी तांब्या तिच्या ओठांशी नेला. आबांनी माझं मनगट धरलं आणि चमचा पुढं केला.

"हळू, पोरी," ते म्हणाले. "थेंबथेंब सोड. सवय मोडलीया तिची."